सर जेम्स डग्लस : मित्राचा शब्द पाळणारा सरदार

मुंबईचे प्रसिद्ध मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ सालीं स्कॉटलंडाच्या दक्षिण सरहद्दीकडील लॉडर नांवाच्या गांवीं झाला. हा मुलूख आज शांत आहे. तेथील टेंकड्यांवर मेंढरें चरतात, आणि जुन्या किल्ल्यांच्या पडक्या भिंतींवर गवत वाढलें आहे. परंतु सुमारें सातशें वर्षांपूर्वीं याच टेंकड्यांतून रात्रंदिवस स्वारांच्या टोळ्या फिरत असत. त्या काळीं एका सरदाराच्या नांवानें सरहद्दीच्या एका बाजूचीं गांवें निर्धास्त झोंपीं जात, आणि दुसऱ्या बाजूचीं गांवें रात्रभर जागीं राहत. त्या सर जेम्स डग्लस याचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचे देशबांधव त्यास सज्जन सर जेम्स म्हणत. त्याचे शत्रु त्यास काळा डग्लस म्हणत. एकाच मनुष्यास हीं दोन नांवें कशीं मिळालीं, आणि दोन्हीं कशीं यथार्थ होतीं, हें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

त्याच्याविषयींची बरीचशी माहिती जॉन बार्बर नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें १३७५ च्या सुमारास रचिलेल्या एका मोठ्या काव्यांत सांपडते. बार्बर हा डग्लसचा चाहता होता, हें लक्षांत ठेवूनच त्याचें लिहिणें वाचिलें पाहिजे. तथापि त्यानें आपल्या नायकाचीं क्रूर कृत्येंहि झांकून ठेविलीं नाहींत, यावरून त्याच्या सांगण्यावर पुष्कळ अंशीं भरंवसा ठेवितां येतो.

पोरकेपण

जेम्सचा जन्म १२८६ च्या सुमारास झाला. त्याच वर्षीं स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर हा रात्रींच्या वादळांत प्रवास करीत असतां मरण पावला. त्याची एकुलती एक वारस म्हणजे नॉर्वे देशांतील त्याची लहान नात. तीहि १२९० सालीं स्कॉटलंडला येतां येतां वाटेंतच वारली. मग गादीसाठीं अनेक हक्कदार उभे राहिले, आणि निवाडा करण्यास त्यांनीं शेजारचा इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यास बोलाविलें. भाऊबंदांच्या तंट्यांत शेजारच्या बलाढ्य मनुष्यास पंच केलें असतां घराचें काय होतें, हें आमच्या खेड्यांतील लोकांस सांगावयास नको. एडवर्डानें १२९२ सालीं जॉन बेलियल यास राजा ठरविलें खरें, परंतु त्या राजास तो आपला चाकर समजूं लागला. आणि स्कॉट लोकांनीं तें सोसण्याचें नाकारिलें, तेव्हां १२९६ सालीं तो सैन्य घेऊन चालून आला.

त्या स्वारीचा पहिला तडाखा बेरिक या सरहद्दीवरील व्यापारी शहरास बसला. शहर पडल्यावर तेथील रहिवाशांची फार मोठी कत्तल झाली. तेथील किल्ल्याचा अधिकारी जेम्सचा बाप सर विल्यम डग्लस हा होता. त्यास किल्ला शत्रूच्या हवालीं करावा लागला. पुढील वर्षीं विल्यम वॉलेस यानें इंग्रजांविरुद्ध बंड उभारिलें, तेव्हां सर विल्यम त्यास जाऊन मिळाला. परंतु तो लवकरच पुन्हा कैद झाला, आणि लंडनच्या बुरुजांत बंदिवासांत असतांच १२९८ च्या सुमारास मरण पावला. त्याची जहागीर एडवर्डानें रॉबर्ट क्लिफर्ड नांवाच्या इंग्रज सरदारास देऊन टाकिली.

अशा रीतीनें जेम्स हा बारा-तेरा वर्षांच्या वयांत पोरका, निर्धन व बेघर झाला. त्यास फ्रान्स देशांत पॅरिस येथें पाठविण्यांत आलें होतें. तेथें कांहीं वर्षें काढून तो परत आला, तेव्हां सेंट अँड्र्यूज येथील बिशप विल्यम लँबर्टन यानें त्यास आपल्या पदरीं ठेविलें. जेवणाच्या वेळीं बिशपाच्या पानावर मांस कापून वाढणें हें त्याचें काम असे. हें काम हलकें समजलें जात नसे. थोर घराण्यांतील मुलांस शिस्त लागावी म्हणून तें त्यांजकडे देत. तरी ज्याच्या बापाचा स्वतःचा किल्ला होता, त्या मुलास दुसऱ्याच्या पंक्तीस वाढतांना काय वाटत असेल, याची कल्पना करितां येते. बिशपानें मात्र त्यास पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें.

१३०४ सालीं एडवर्ड राजा स्टर्लिंगच्या किल्ल्यास वेढा देऊन बसला असतां लँबर्टन हा या तरुणास घेऊन त्याच्यापुढें गेला, आणि याची वडिलार्जित जमीन यास परत द्यावी, हा इमानानें सेवा करील, अशी त्यानें विनंति केली. मुलाच्या बापाचें नांव ऐकतांच राजा संतापला, आणि हा विषय पुन्हा काढूं नये असें त्यानें बजाविलें. राजाच्या दृष्टीनें ती एक क्षुल्लक गोष्ट होती. परंतु त्या दिवशीं त्यानें न्याय केला असता, तर पुढें त्याच्या प्रजेचीं शेंकडों गांवें जळण्यापासून वांचलीं असतीं, असें आम्हांस वाटतें. गरिबाचा अर्ज झिडकारणाऱ्या अधिकाऱ्यास आपण काय पेरीत आहों हें कळत नसतें.

राजाची सोबत

१३०६ च्या फेब्रुवारी महिन्यांत एक भयंकर गोष्ट घडली. गादीवर हक्क सांगणाऱ्या घराण्यांतील रॉबर्ट ब्रूस यानें आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन यास बोलणें करण्याकरितां डम्फ्रीस येथील मठाच्या मंदिरांत भेटीस बोलाविलें. बोलतां बोलतां तंटा झाला, आणि वेदीच्या जवळच कॉमिन खंजिराच्या वारानें पडला. या पापाबद्दल पोपानें ब्रूस यास मंडळींतून बहिष्कृत केलें. तथापि ब्रूस मागें फिरला नाहीं. २५ मार्च १३०६ रोजीं स्कोन येथें त्यानें राजमुकुट धारण केला.

ब्रूस स्कोनकडे जात असतां वाटेंत एक वीस वर्षांचा तरुण बिशपाच्या तबेल्यांतील घोड्यावर बसून त्यास येऊन भेटला. तो जेम्स डग्लस होता. त्यानें गुडघे टेंकून ब्रूस यास राजा म्हणून मुजरा केला. त्या दिवसापासून मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षें, त्याची निष्ठा कधीं ढळली नाहीं. ज्या काळीं मोठमोठे सरदार आज या पक्षांत तर उद्यां त्या पक्षांत जात, त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. ब्रूसनें स्वतःहि पूर्वीं अनेकदां पक्ष बदलला होता.

आरंभीं या निष्ठेचें फळ वनवासच होतें. जून महिन्यांत मेथव्हेन येथें इंग्रजांनीं ब्रूसच्या सैन्याची धूळधाण केली. राजा, राणी व थोडेसे सोबती डोंगरांत लपून राहूं लागले. त्या दिवसांत डग्लस शिकार करून व नदींत मासे धरून बरोबरच्या स्त्रियांस खाऊं घालीत असे. लॉमंड नांवाच्या सरोवरापाशीं ते अडकून पडले असतां त्यानेंच पाण्यांत अर्धवट बुडालेली एक गळकी होडी शोधून काढिली. तींत एका वेळीं तिघेच मावत. एक दिवस व एक रात्र खेपा घालून सगळे पैलतीरास पोंचले. कांहींजण कपड्यांचीं गांठोडीं पाठीस बांधून पोहून गेले. पुढें राणी व राजाच्या बहिणी शत्रूच्या हातीं सांपडल्या, त्याचे तीन भाऊ धरले जाऊन मारले गेले, आणि राजा बेटांतून आश्रय शोधीत फिरला. डग्लसला त्या वेळीं राजास सोडून जाण्यास पुष्कळ कारणें होतीं, आणि राहण्यास एकच होतें. तें म्हणजे त्यानें दिलेला शब्द.

कोठारांतील रक्त

१३०७ च्या वसंत ऋतूंत ब्रूस आपल्या मुलखांत परतला. डग्लसनें राजाची परवानगी घेतली, आणि केवळ दोन सोबती घेऊन तो गुप्तपणें आपल्या वडिलांच्या गांवीं गेला. तेथें थॉमस डिक्सन नांवाचा त्याच्या बापाचा एक जुना इमानी मनुष्य राहत होता. त्यानें आपल्या धन्याच्या मुलास ओळखून घरांत लपविलें, आणि रात्रीं एकेका विश्वासू गांवकऱ्यास आणून त्याची भेट करविली.

१९ मार्च हा झावळ्यांचा रविवार होता. किल्ल्यांतील इंग्रज शिपाई त्या दिवशीं गांवांतील संत ब्राइड हिच्या मंदिरांत उपासनेस येणार, हें सर्वांस ठाऊक होतें. डग्लस अंगावर जुनें फाटकें पांघरूण घेऊन व हातांत मळणीचें झोडपणें धरून शेतमजुराच्या वेषांत तेथें गेला. त्याच्या माणसांनींहि कपड्यांखालीं शस्त्रें लपविलीं होतीं. उपासना चालू असतां खूण झाली, आणि मंदिरांतच लढाई जुंपली. कित्येक शिपाई तेथें पडले. बाकीचे कैद झाले. मग डग्लस किल्ल्यावर गेला. तेथें सणाचें जेवण तयार होतें. त्याच्या माणसांनीं तें खाल्लें. नेतां येण्यासारखें सामान त्यांनीं बाहेर काढिलें. उरलेलें धान्य तळघरांत ओतलें, द्राक्षारसाचीं पिंपें फोडलीं, कैद्यांचीं डोकीं उडवून तीं प्रेतें त्या ढिगावर टाकिलीं, आणि किल्ल्यास आग लाविली. विहिरींत मीठ व मेलेले घोडे टाकून पाणीहि नासविलें. लोकांनीं या प्रकारास डग्लसचें कोठार असें नांव दिलें, आणि तें आजहि चालत आलें आहे.

ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सविस्तर सांगितली. शूर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना अशीं पानें उलटून जाण्याची लेखकांची संवय असते. डग्लसच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. बेरिकच्या रस्त्यांतून वाहिलेलें रक्त त्याच्या लहानपणीं सर्वांच्या तोंडीं होतें. त्याचा बाप तुरुंगांत मेला होता. त्याच्याजवळ इतकीं थोडीं माणसें होतीं कीं, कैदी संभाळणें किंवा किल्ला राखणें त्यास शक्य नव्हतें. परंतु दुष्कृत्याचें कारण सांगणें म्हणजे त्याचें समर्थन करणें नव्हे. गाढवावर बसून येणाऱ्या शांतीच्या राजाचें स्मरण ज्या दिवशीं करावयाचें, त्या दिवशीं निःशस्त्र झालेल्या कैद्यांचा वध झाला; मारणारे व मरणारे हे दोघेहि एकाच प्रभूचें नांव घेणारे होते. काळा डग्लस हें नांव त्यास केवळ काळ्या केंसांवरून मिळालें असें कोणी म्हणतात. पण या दिवसानंतर शत्रूंस दुसरें कारण शोधावें लागलें नाहीं.

रॉक्सबरो व बॅनकबर्न

त्याच वर्षीं जुलैमध्यें पहिला एडवर्ड स्कॉटलंडवर पुन्हा येत असतां सरहद्दीजवळ वारला. त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड हा बापासारखा कर्ता नव्हता. ब्रूस व डग्लस यांनीं हळूहळू एकेक किल्ला परत घेतला. मोठीं यंत्रें त्यांजपाशीं नव्हतीं; म्हणून रात्र, अंधार व युक्ति हींच त्यांचीं यंत्रें झालीं. घेतलेला किल्ला ते बहुधा पाडून टाकीत, कारण तो राखण्यास त्यांजपाशीं फौज नव्हती, आणि शत्रूस तो पुन्हा मिळूं द्यावयाचा नव्हता.

१३१४ च्या फेब्रुवारींत, उपवासकाळाच्या आदल्या दिवशीं, रॉक्सबरोच्या किल्ल्यांतील लोक गाणें व नाच करण्यांत गुंग होते. डग्लसचीं माणसें चिलखतांवर काळीं वस्त्रें घालून हातापायांवर रांगत भिंतीकडे आलीं. पहारेकऱ्यांस तीं शेतकऱ्याचीं बांधावयाचीं राहिलेलीं गुरें वाटलीं. दोरांच्या शिड्या लावून तीं वर चढलीं, आणि किल्ला हातीं आला. किल्लेदार एका बुरुजांत शिरून कांहीं काळ लढला. परंतु तोंडास बाण लागल्यावर, आपणांस जिवंत इंग्लंडांत जाऊं द्यावें, या अटीवर तो स्वाधीन झाला. डग्लसनें ती अट पाळली, आणि त्यास सुखरूप सरहद्दीपलीकडे पोंचविलें. सात वर्षांपूर्वीं कोठारांत कैद्यांचीं डोकीं उडविणारा तरुण आतां शत्रूस दिलेला शब्द पाळूं लागला होता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

त्याच वर्षीं जूनच्या २३ व २४ तारखांस स्टर्लिंगजवळ बॅनकबर्न येथें मोठी लढाई झाली. इंग्रजांचें सैन्य स्कॉट लोकांहून कितीतरी अधिक होतें. पहिल्या दिवशीं इंग्रज घोडेस्वारांची एक मोठी टोळी स्टर्लिंगकडे निसटूं पाहत होती. तिला अडविण्यास राजाचा भाचा टॉमस रँडॉल्फ हा पायदळ घेऊन गेला, आणि चोहोंकडून वेढला गेला. रँडॉल्फ व डग्लस यांच्यांत शौर्याची चढाओढ असे. तरी त्यास संकटांत पाहतांच डग्लसनें मदतीस जाण्याची परवानगी राजापाशीं मागितली, आणि आग्रह धरून ती मिळविली. परंतु जवळ गेल्यावर इंग्रज स्वार डळमळूं लागलेले त्यास दिसले. तेव्हां त्यानें आपल्या माणसांस तेथेंच थांबविलें. रँडॉल्फ एकटाच जिंकत आहे, आतां आपण पुढें गेलों तर त्याच्या श्रमाचें यश आपण वांटून घेतल्यासारखें होईल, असा त्यानें विचार केला. मदतीस धांवून जाणारे पुष्कळ आढळतात. पण दुसऱ्याचें यश दुसऱ्याकडेच राहूं देण्यासाठीं पाऊल मागें घेणारे थोडे. आमच्या मंडळ्यांतूनहि अशीं माणसें अधिक असतीं, तर कितीतरी कामें तंट्यावांचून पार पडतीं.

त्या इंग्रज टोळीचा एक नायक रॉबर्ट क्लिफर्ड हा होता. ज्याच्या हातीं डग्लसची जहागीर गेली होती, तोच हा. दुसऱ्या दिवशींच्या लढाईंत तो मारला गेला. इंग्रजांचा पूर्ण मोड झाला, आणि राजा दुसरा एडवर्ड पळूं लागला. डग्लसनें थोडेसे स्वार घेऊन डनबारपर्यंत त्याचा पाठलाग केला. तेथें राजास होडी मिळाली म्हणूनच तो वांचला.

सरहद्दीचा रक्षक

यानंतरहि इंग्लंडचा राजा स्कॉटलंडचें स्वातंत्र्य मान्य करीना. म्हणून आणखी चौदा वर्षें युद्ध चाललें. १३२० सालीं स्कॉट सरदारांनीं आपल्या देशाचें गाऱ्हाणें पोपास पत्रानें कळविलें; त्या प्रसिद्ध पत्रांत डग्लसचेंहि नांव आहे. या काळांत तो सरहद्दीचा रक्षक होता. इंग्लंडच्या उत्तर भागांत त्याच्या टोळ्या वारंवार शिरत, गुरें हांकून नेत, खंडणी घेत, आणि ती न मिळाल्यास गंज्या व घरें जाळीत. १३१९ सालीं यॉर्कच्या आर्चबिशपानें नागरिक, शेतकरी व पाद्री यांची घाईनें जमविलेली फौज मायटन येथें स्कॉटांपुढें उभी केली. ती एका दिवसांत उधळली गेली, आणि तींत कित्येक पाद्री मारले गेले. राजांच्या भांडणांत खरी किंमत कोणास द्यावी लागते, तें येथें दिसतें. त्या इंग्रज शेतकऱ्यांनीं डग्लसचें कांहीं बिघडविलें नव्हतें. त्या मुलखांत आया रडणाऱ्या लेंकरांस काळ्या डग्लसचें नांव सांगून गप्प करीत, अशी दंतकथा आहे.

त्याचे सैनिक कसे होते याचें वर्णन शत्रुपक्षाकडील जाँ ले बेल या लेखकानें केलें आहे. तो १३२७ च्या मोहिमेंत इंग्रजांच्या सैन्यांत स्वतः होता. स्कॉट स्वार आपल्याबरोबर गाड्या नेत नसत. प्रत्येकाच्या खोगिरामागें ओटच्या पिठाची एक पिशवी, आणि खोगिराखालीं एक लोखंडी तवा असे. लुटीच्या गुरांचें मांस ते त्यांच्याच कातड्यांत शिजवीत. तें खाऊन कंटाळा आला कीं तव्यावर पातळ भाकरी भाजून घेत, आणि नदीचें पाणी पीत. म्हणून ते एका दिवसांत फार लांबची मजल मारीत, आणि मोठें इंग्रज सैन्य सामानाच्या ओझ्याखालीं चिखलांत रुतून बसे.

त्या मोहिमेंत इंग्लंडचा नवा राजा तिसरा एडवर्ड हा चौदा वर्षांचा मुलगा होता. वीअर नदीच्या कांठीं दोन्हीं सैन्यें समोरासमोर तळ देऊन बसलीं असतां एका रात्रीं डग्लस निवडक स्वारांसह शत्रूच्या तळांत शिरला, आणि राजाच्या तंबूपर्यंत जाऊन त्याचे दोर कापूं लागला. राजा थोडक्यांत वांचला. कांहीं दिवसांनीं स्कॉट सैन्य रात्रींच्या रात्रींत निघून गेलें. सकाळीं इंग्रजांस तेथें कातड्यांच्या कढया, लांकडी सळया व झिजलेल्या पादत्राणांचे ढीग मात्र सांपडले. तो बालराजा संतापानें व लाजेनें रडला, असें सांगतात.

अखेर १३२८ सालीं तह झाला, आणि इंग्लंडनें स्कॉटलंड स्वतंत्र असल्याचें कबूल केलें. ब्रूसचा चार वर्षांचा मुलगा डेव्हिड याचें लग्न इंग्लंडच्या सात वर्षांच्या राजकन्येशीं लाविलें गेलें. तें लग्न बेरिक येथें झालें. ज्या शहराच्या नाशापासून डग्लसच्या घराण्याचें दुर्दैव सुरू झालें होतें, तेंच हें शहर. एका जुन्या बखरकारानें त्याच्या लढायांचा हिशेब केला आहे. त्याप्रमाणें तो १३ वेळां हरला, आणि ५७ वेळां जिंकला.

मित्राचें हृदय

युद्ध संपलें तेव्हां ब्रूस दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळत चालला होता. ७ जून १३२९ रोजीं कार्ड्रॉस येथें तो मरण पावला. मरणापूर्वीं त्यानें आपल्या सरदारांस जवळ बोलाविलें. आपल्या हातून निरपराध्यांचें पुष्कळ रक्त सांडलें आहे, ही टोंचणी त्याच्या मनास सतत लागली होती. त्याचें प्रायश्चित्त म्हणून पवित्र भूमीकडे मोहिमेवर जाण्याचा त्यानें नवस केला होता. परंतु तो फेडण्यास आयुष्य उरलें नाहीं. म्हणून आपलें हृदय तरी कोणी तिकडे न्यावें, अशी त्यानें इच्छा प्रगट केली, आणि त्या कामीं सर्वांच्या मतें डग्लसची निवड झाली. डग्लसनें रडत रडत तें काम पत्करिलें.

आम्ही येथें थोडें थांबूं इच्छितों. मेलेल्या मनुष्याचें हृदय दूर देशीं नेल्यानें त्याच्या पापांची क्षमा होते, असें पवित्र शास्त्र शिकवीत नाहीं. क्षमा कोठें मिळते हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तलवारीनें धर्म वाढवितां येतो, ही त्या युगाची समजूतहि आम्ही स्वीकारीत नाहीं. तथापि त्या राजाच्या टोंचणींत एक सत्य होतें. त्यानें राज्य मिळविलें, मोठमोठ्या लढाया जिंकल्या. परंतु डम्फ्रीसच्या मंदिरांतील रक्ताचा डाग विजयानें धुऊन निघाला नाहीं, हें त्यास कळलें होतें. आणि डग्लसला काय वाटत असेल? त्याच्याहि मनांत एका झावळ्यांच्या रविवारची आठवण असलीच पाहिजे.

राजाचें शरीर डनफर्मलिन येथें पुरलें. त्याचें हृदय मसाले घालून एका लहानशा डबींत बंद केलें, आणि डग्लसनें ती डबी गळ्यांत घातली. इंग्लंडच्या राजानें त्यास प्रवासाचें संरक्षणपत्र दिलें. १३३० च्या वसंतांत तो तारवांत बसला. त्याच्याबरोबर सर विल्यम सिंक्लेअर, सर विल्यम कीथ, लोगन घराण्यांतील दोघे भाऊ व इतर सरदार होते. फ्लँडर्स प्रांतांतील स्लॉइस बंदरांत तो कांहीं दिवस थांबला. तेथें तो किनाऱ्यावर उतरला नाहीं. जणूं काय राजा स्वतःच तारवावर आहे अशा थाटानें तो आल्यागेल्यांचा सत्कार करी.

स्पेन देशांत कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फॉन्सो हा ग्रॅनाडाच्या मुसलमान राज्याशीं लढत होता. जेरुसलेमकडे त्या वेळीं कोणतीहि मोहीम निघाली नव्हती. म्हणून डग्लस सेव्हिल शहरीं गेला. तेथें त्याची कीर्ति ऐकून अनेक देशांचे सरदार त्यास पाहण्यास आले. त्यांतील एकाचें तोंड जखमांच्या वणांनीं भरलेलें होतें. इतक्या लढाया केलेल्या पुरुषाच्या चेहऱ्यावर एकहि वण नाहीं याचें त्यास नवल वाटलें. डग्लसनें देवाचे आभार मानून नम्रपणें इतकेंच सांगितलें कीं, डोकें राखण्यास आपले हात नेहमीं मोकळे होते. तो बोलतांना किंचित् बोबडा बोले, अंगानें धिप्पाड होता, आणि घरांत व मित्रमंडळींत फार सौम्य असे, असें बार्बर लिहितो.

ऑगस्ट महिन्यांत अल्फॉन्सोनें तेबा नांवाच्या किल्ल्यास वेढा दिला. २५ ऑगस्ट १३३० रोजीं तेथें लढाई झाली. ग्रॅनाडाच्या स्वारांची एक जुनी रीत होती. ते पळत असल्यासारखे दाखवीत, आणि पाठलाग करणारे विस्कळीत झाले कीं एकदम उलटत. डग्लसला या रीतीची संवय नव्हती. तो मोजक्या सोबत्यांसह फार पुढें गेला. शत्रु उलटला, तेव्हां त्यास परत फिरण्यास वाट होती, असें बार्बरच्या हकीकतीवरून दिसतें. परंतु सर विल्यम सिंक्लेअर हा शत्रूच्या गराड्यांत एकटा सांपडलेला त्याच्या दृष्टीस पडला. डग्लसनें घोडा वळविला आणि तो त्याच्या मदतीस धांवला. तेथेंच सिंक्लेअर, दोघे लोगन भाऊ व स्वतः डग्लस हे पडले. त्या वेळीं त्याचें वय सुमारें ४४ वर्षांचें होतें.

त्यानें ती डबी शत्रूंमध्यें फेंकून दिली, आणि तिच्यामागें तो धांवत गेला, असें पुढील कवींनीं सांगितलें आहे, आणि चित्रकारांनींहि तेंच रंगविलें आहे. ही भर मागाहूनची दिसते. आम्हांस तर साधी हकीकतच अधिक मोलाची वाटते. मेलेल्या मित्राचें हृदय गळ्यांत घालून निघालेला तो पुरुष एका जिवंत मित्रास वांचविण्यासाठीं मागें वळला.

सर विल्यम कीथ याचा हात मोडलेला असल्यानें तो त्या दिवशीं लढाईंत नव्हता. त्यानें डग्लसच्या अस्थि व ती डबी परत आणिली. अस्थि डग्लस गांवीं संत ब्राइडच्या मंदिरांत, म्हणजे जेथें त्या रविवारीं रक्त सांडलें होतें तेथेंच, पुरल्या गेल्या. ब्रूसचें हृदय मेलरोजच्या मठांत ठेविलें गेलें. १९९६ सालीं त्या पडक्या मठांत खोदकाम करणाऱ्यांस हृदय ठेविलेली एक जुनी डबी सांपडली; ती ब्रूसचीच असावी असें मानून १९९८ सालीं पुन्हा तेथेंच पुरण्यांत आली. डग्लस घराण्याच्या ढालीवर त्या काळापासून हृदयाचें चिन्ह आहे.

ज्या तहासाठीं इतकें रक्त सांडलें, तो पांच वर्षेंहि टिकला नाहीं. १३३२ सालीं पुन्हा युद्ध पेटलें, आणि पुढील वर्षीं हॅलिडन टेंकडीच्या लढाईंत डग्लसचा मुलगा विल्यम व सावत्र भाऊ आर्चिबाल्ड हे दोघेहि मारले गेले. सूडानें मिळविलेलें सूडानेंच जातें, याचें हें एक उदाहरण आहे. जाळलेल्या गांवांचा आणि कापलेल्या डोक्यांचा डग्लसच्या वंशजांस कांहींच उपयोग झाला नाहीं.

परंतु दुसऱ्या कांहीं गोष्टी मात्र टिकल्या. हरलेल्या राजाची संगत न सोडणें, प्रतिस्पर्ध्याचें यश हिरावून न घेणें, शत्रूस दिलेली अट पाळणें, मरणाऱ्याची विनंति स्वतःच्या जिवापेक्षां मोठी मानणें, आणि संकटांतील सोबत्याकडे पाठ न फिरविणें, या गोष्टींसाठीं किल्ले व जहागिरी लागत नाहींत. ज्या घरीं एक बिघा जमीन नाहीं, त्या घरींहि दिलेला शब्द पाळतां येतो. सर जेम्सच्या तलवारीचें अनुकरण आमच्या वाचकांनीं करूं नये. परंतु गांवांत, मंडळींत किंवा घरांत कोणी सोबती अडचणीच्या गराड्यांत एकटा सांपडलेला दिसला, आणि आपणांस सुखरूप निघून जाण्याची वाट मोकळी असली, तर त्या क्षणीं तेबा येथील घोडेस्वाराची आठवण अवश्य करावी.